दहा लाखावी रांग

आज रविवार वाया गेला म्हणा किंवा सार्थकी लागला म्हणा. भाचीने सकाळी कोडं टाकलं, मामा ० ते ९ हे दहा अंक एकेकदाच वापरून चढत्या क्रमाने सगळ्या रांगा लावल्या तर दहा लाखावी कुठली? मी म्हटलं हात्तिच्या, पायथनमध्ये (प्रोग्रॅम लिहायची भाषा) पाच मिनिटांचं काम. सगळ्या ३६,२८,८०० रांगा एकाच लिस्टमध्ये कोंबल्या आणि वर प्रिंट मारलं, जुना लॅपटॉप बिचारा असा काही घुरघुरायला लागला की आई आतून विचारते मिक्सर कोणी लावलाय.

मग एकेकच रांग काढत मोजली, उत्तर आलं २७८३९१५६०४. फुशारकीने पाठवलं. तर ही म्हणे मामा चुकलं, २७८३९१५४६० पाहिजे. पायथनमध्ये मोजणी शून्यापासून होते हे विसरलो होतो ना, एक घर पुढे गेलो!

आणि हिने केलं कसं, तर कागदावर. शून्याने सुरू होणाऱ्या ३,६२,८८० रांगा, एकच्या तेवढ्याच, झाल्या ७,२५,७६०, अजून तेवढ्या धरल्या तर दहा लाखाच्या पुढे जातं म्हणजे पहिला अंक २ च, पुढचे अंकही असेच. प्रोग्रॅम नाही नि काही नाही.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत (म्हणजे ११५० साली) अंकपाश म्हणून हाच विषय आहे, २ ते ९ हे आठ अंक एकेकदाच वापरून किती संख्या होतात असं विचारलंय, ४०,३२०. तेही लॅपटॉपशिवायच. आता भाची वडापाव मागतेय, पैज हरलो ना.