पोहरा: दोन्ही स्क्रीनवर थ्रीडी जमलं, आणि आता तेच काढून टाकतोय

जमलं! 'पोहरा', म्हणजे निंतेंदोच्या डीएस या दोन स्क्रीनच्या, हातात धरायच्या मशीनसाठी मी बनवत असलेला विहिरीचा खेळ, खऱ्या डीएस लाइटवर दोन्ही स्क्रीनवर थ्रीडीत चालतोय, आणि पोहरा पाण्यावर आपटला तरी चित्र जागचं हलत नाही. दोन्ही स्क्रीनची चित्रं क्षणभर एकमेकांच्या जागी जायची, त्या लुकलुकीबद्दल मागच्या नोंदीत लिहिलं होतं; ती पूर्ण गेली. शीर्षकातला दुसरा भागही खरा आहे, पण तिथे सावकाश येतो. आधी लुकलुकीचा निकाल सांगतो, कारण तुमच्यातल्या दोघातिघांना हाच त्रास होतोय.

खेळाचा सांगाडा तोच आहे. वरच्या स्क्रीनवर रहाट आणि आभाळ, खालच्या स्क्रीनवर विहिरीचा उभा छेद. डाव्या दोराला पोहरा, उजवा दोर स्टायलसने धरून खाली ओढायचा. वर रहाट फिरतो आणि पोहरा चढतो. दोन्हीकडे थ्रीडी हवं हा माझा हट्ट होता, आणि सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

डीएसमध्ये स्क्रीनवर चित्र दाखवणारी इंजिनं दोन, मेन आणि सब; पण थ्रीडी काढणारं इंजिन एकच, तेही मेन इंजिनाला जोडलेलं. सब इंजिनाच्या नशिबी फक्त टूडी. शिवाय थ्रीडी इंजिनाकडे अख्ख्या चित्राचा फ्रेमबफर नाही; ४८ ओळींच्या छोट्या कॅशेतून ते ओळीमागून ओळ काढत जातं. म्हणून सगळे करतात ती युक्ती अशी: एका फ्रेमला मेन इंजिन वरच्या स्क्रीनला लावायचं, निघणारं चित्र डिस्प्ले कॅप्चरने व्हीरॅमच्या, म्हणजे चित्रांच्या मेमरीच्या, एका बँकेत (तुकड्यात) उतरवून घ्यायचं, पुढच्या फ्रेमला मेन इंजिन खाली वळवायचं आणि वर सब इंजिनाने ते उतरवलेलं चित्र दाखवत राहायचं. मग पुन्हा उलट. २५६ × १९२ चं चित्र १६ बिटांत म्हणजे ९६ केबी, १२८ केबीच्या बँकेत आरामात बसतं. सी बँक सबच्या बॅकग्राउंडला लावायची, डी बँक सबच्या स्प्राइटना (कुठेही हलवता येणाऱ्या छोट्या चित्रांना), ६४ × ६४ चे १२ स्प्राइट शेजारी शेजारी मांडून. प्रत्येक स्क्रीनला सेकंदाला ६० ऐवजी ३० फ्रेम मिळतात, हा त्यातला सौदा.

इम्युलेटरवर, म्हणजे संगणकावरच्या डीएसच्या नकलेवर, हे लोण्यासारखं चालत होतं. खऱ्या मशीनवर मात्र पोहरा पाण्यावर आपटला की क्षणभर विहिरीच्या तळाशी आभाळ आणि वर रहाटाच्या जागी काळं पाणी. एकच फ्रेम, पण डोळ्यांना बरोब्बर खटकायची. फ्लॅशकार्ट (घरी केलेले खेळ मशीनवर चालवणारं कार्ट) बदललं, बिजागरीतून जाणारी वरच्या स्क्रीनची रिबन तपासली, मित्राच्या जुन्या जाड डीएसवर चालवलं. तिथेही तेच, त्यामुळे मशीनवरचा संशय मिटला.

मग स्क्रीनची कितवी ओळ चालू आहे ते सांगणाऱ्या व्हीकाउंट रजिस्टरला हाताशी धरलं. ज्यांनी अजून वापरलं नसेल त्यांनी आजच वापरा, याच्याइतकं स्वस्त घड्याळ दुसरं नाही. डीएस एका फ्रेममध्ये २६३ ओळी मोजतो, त्यातल्या १९२ दिसतात, उरलेल्या ७१ म्हणजे व्हीब्लँक, दोन चित्रांमधली फट. लूपचं, म्हणजे दर फ्रेमला फिरणाऱ्या मुख्य कोडचं, काम संपलं की व्हीकाउंट वाचून आकडा कोपऱ्यात छापायचा. एरवी माझं काम १२० व्या ओळीच्या आसपास आटपत होतं. पोहरा आपटला की दोर सैल पडतो, त्याच्या प्रत्येक गाठीचं अंतर पुन्हा जुळवावं लागतं, वर पाण्याचे शिंतोडे, आणि आकडा १९२ ओलांडून पुढे जायचा.

फ्रेम चुकली तर खेळ जरा अडखळेल, पण चित्रं एकमेकांच्या जागी का जावीत? उत्तर क्रमात होतं. माझा लूप आधी पॉलिगॉन (थ्रीडी आकृत्यांचे तुकडे) पाठवतो, जीएलफ्लश करतो, म्हणजे 'देखावा तयार' असं कळवतो, आणि जॉमेट्री इंजिन तिकडे कामात असताना पुढच्या फ्रेमच्या दोराचं गणित उरकतो. वेळ वाचवायला हीच रीत बरी. पण जीएलफ्लश झालं की येत्या व्हीब्लँकला हार्डवेअर आपोआप नवा देखावा पुढे आणतं, ते कुणासाठी थांबत नाही. स्क्रीनची आणि बँकांची अदलाबदल मात्र लूपच्या सुरुवातीला, म्हणजे लूप दोराच्या गणितात अडकला की तीही अडकली. नवा देखावा आला, स्क्रीन जुनीच राहिली: विहिरीत आभाळ. इम्युलेटरवर हे दिसलं नाही, कारण मेन मेमरी आणि कॅशेला लागणारा वेळ तिथे हुबेहूब धरलेला नसतो, गणित वेळेत संपल्यासारखंच दिसतं.

उपाय दोन केले. अदलाबदल लूपमधून उचलून थेट व्हीब्लँक इंटरप्टमध्ये टाकली, जीएलफ्लशनंतर लावलेला झेंडा वर असेल तरच करायची या अटीवर. आता देखावा आणि स्क्रीन एकाच फटीत एकत्र बदलतात. फ्रेम चुकली तर जुनाच देखावा त्याच जागी पुन्हा निघतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. दुसरं म्हणजे दोराचं गणित मेन मेमरीतून काढून आयटीसीएममध्ये आणि गाठींचा ॲरे डीटीसीएममध्ये हलवला. ३२ केबी आणि १६ केबीच्या या चिमुकल्या मेमऱ्या प्रोसेसरला अगदी खेटून आहेत, १६ बिटांच्या बसवरून मेन मेमरीपर्यंत हेलपाटे घालावे लागत नाहीत. आपटण्याच्या क्षणीही आकडा आता १९२ च्या आत राहतो. दोन ओळींच्या ॲट्रिब्यूटने इतका फरक पडेल असं वाटलं नव्हतं, त्या संध्याकाळी नुसता पोहरा आपटत बसलो होतो.

एक गोष्ट फार सुंदर उतरली आहे. दोन स्क्रीनच्या मधल्या पट्टीइतकी लांबी मी दोरात धरली आहे. दोराची गाठ वरच्या स्क्रीनवरून सुटली की लगेच खाली उगवत नाही. पट्टीमागून सरकत येते, जेवढा वेळ लागायला हवा तेवढाच घेऊन. हातात मशीन असताना ती पट्टी विहिरीच्या काठाचा दगड वाटायला लागते. सोनीच्या एका स्क्रीनच्या पीएसपीवर हा प्रकार करून दाखवताच येणार नाही.

आणि इथूनच माझं मन फिरलं.

लुकलुक गेल्यावर पहिल्यांदा मी दोर शांतपणे, मन लावून ओढला. दोर जड लागला, म्हणजे हाताच्या मागे राहतोय असं जाणवलं. स्टायलसची जागा फ्रेमगणिक वाचली जाते, सेकंदाला साधारण ६० वेळा, पण खालचं चित्र बदलतं त्याच्या निम्म्याने. बटणाच्या खेळात हे चाललं असतं. टचमध्ये टोक आणि चित्र एकाच काचेवर असतात, त्यामुळे मधली फट उघडी दिसते. टोक पुढे, दोर मागे. ओढण्याची सगळी मजा त्या फटीत सांडते.

म्हणजे डीएसच्या दोन नव्या गोष्टी, दुसरी स्क्रीन आणि टच, माझ्या खेळात एकमेकींशीच भांडताहेत. दोन्ही एकाच थ्रीडी इंजिनाच्या वाट्यातून घेतात. 'नवी कल्पना असली की कमी ताकदीचं मशीनही चालतं' असं आपण सगळे म्हणतो, मीही म्हणतो. पण ती कल्पनासुद्धा त्याच मशीनच्या जिवावर चालते, हा हिशेब सहसा कुणी मांडत नाही.

'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार,' असं माझा पीएसपीवाला मित्र या खेळाचं नाव ठेवल्यापासून ऐकवतोय. आकडे त्याच्या बाजूने आहेत. दोन्ही मशीन २००४ च्या अखेरीस आली. पीएसपीचा प्रोसेसर ३३३ मेगाहर्ट्झपर्यंत जाणारा, मेमरी ३२ एमबी. डीएसचा मुख्य प्रोसेसर ६७ मेगाहर्ट्झ, मेमरी ४ एमबी, दशांशाच्या गणिताला वेगळं युनिटच नाही, आणि एका फ्रेमला २०४८ पॉलिगॉनची मर्यादा. तरी डीएस १५ कोटी ४० लाखांवर विकला गेला, पीएसपी त्याच्या बराच मागे राहिला. ती विक्री मला पटते, पण त्यावरून 'कल्पना जिंकते' असा सरसकट निष्कर्ष काढणं मला पटत नाही. निंतेंदोच्याच वी (Wii) या टीव्हीला जोडायच्या मशीनने १० कोटींचा आकडा ओलांडला आणि त्याच कंपनीचा वी यू १ कोटी ३५ लाखांवर थांबला, स्क्रीन असलेला कंट्रोलर हातात देऊनही. माझ्या मते कारण मानेत आहे: डीएसच्या दोन स्क्रीन एका नजरेत मावतात, वी यूमध्ये टीव्ही आणि मांडी यांच्यात डोकं वरखाली करावं लागतं. डीएसनंतर आलेल्या थ्रीडीएसचं उदाहरण त्याहून बोलकं. चष्म्याविना खोली दाखवणं हे त्याचं मुख्य आकर्षण, त्यासाठी दोन्ही डोळ्यांची वेगळी चित्रं काढण्याचा भार मशीनने उचलायचा. आणि २०१३ च्या टूडीएसमध्ये ती खोली काढूनच टाकली, तरी तेच खेळ तसेच चालले. जी गोष्ट काढली तरी खेळ टिकतो, तिच्यासाठी अर्धी ताकद का द्यायची?

मला पटणारा नमुना बराच जुना आहे. निंतेंदोच्या गेम अँड वॉच या खिशातल्या खेळांच्या मालिकेत १९८२ साली 'ऑइल पॅनिक' आला, दोन स्क्रीनचा, मिटणारा. वरच्या मजल्यावर गळणारं तेल बादलीत झेलायचं आणि बादली भरली की खालच्या स्क्रीनवर पिंप घेऊन फिरणाऱ्या माणसाकडे ओतायची. काचेवर आधीच छापलेल्या आकृत्या उजळायच्या आणि विझायच्या, इतकंच त्या यंत्राला येत होतं. तरी दोन्ही स्क्रीनला काम होतं, आणि दोन्हींची कामं वेगळी होती. गेम अँड वॉच आणि गेम बॉयमागचे डिझायनर गुनपेई योकोई यांचं काम बघताना मला हेच दिसतं. १९८९ चा गेम बॉय रंगाशिवाय आला, पण चार पेन्सिल सेलवर दीर्घ काळ चालला. सेगाच्या गेम गिअरमध्ये रंगही होता आणि दिवाही, आणि तो सहा सेल काही तासांत फस्त करायचा. गेम बॉयमध्ये प्रत्येक गोष्टीची किंमत आधी ठरलेली होती.

डीएसवरचा माझा सगळ्यात आवडता क्षण झेल्डाच्या 'फँटम अवरग्लास' या खेळातला आहे. वरच्या नकाशावरचं चिन्ह खालच्या नकाशावर उमटवायचं, आणि त्यासाठी चक्क मशीन मिटून उघडायचं. एकही जादा पॉलिगॉन लागत नाही. झाकणाचा सेन्सर 'मिटलं' एवढं सांगतो, बाकी सगळं आपल्या डोक्यात घडतं.

तर ठरलं असं: वर थ्रीडी ठेवायचं, खाली टूडी. आणि हे लिहिता लिहिता हिशेब मांडला तेव्हा मीच चकित झालो. कॅप्चर नको म्हणजे सी आणि डी या दोन्ही बँका मोकळ्या. आतापर्यंत टेक्स्चरना (थ्रीडी आकृत्यांवर चिकटवायच्या चित्रांना) फक्त ए आणि बी, म्हणजे २५६ केबी मिळत होते. आता चारही बँका, ५१२ केबी. खालच्या विहिरीला ३२ केबीची एच बँक पुरते: १६ रंगांच्या, ८ × ८ पिक्सेलच्या ७६८ टाइल म्हणजे २४ केबी, नकाशाचे २, वर थोडी जागा शिल्लक. म्हणजे एकही टाइल परत न वापरता दगडन् दगड वेगळा काढता येईल. पोहरा आय बँकेत स्प्राइट म्हणून. ६४ × ६४ चा, १६ रंगांचा एक स्प्राइट २ केबी, त्यामुळे १६ केबीत आठ कोन बसतात, आणि मधलं कलणं ॲफाइनने, म्हणजे हार्डवेअरच्या स्प्राइट फिरवण्याच्या सोयीने. आणि खाली पूर्ण ६० फ्रेम, म्हणजे दोर स्टायलसला चिकटून राहील.

घाईघाईत एक कच्ची चाचणी केलीच. खाली नुसत्या राखाडी टाइल, पोहऱ्याचा एकच कोन, दिसायला अगदीच उघडंबोडकं. पण दोर हातात आल्यासारखा वाटतो. थ्रीडीतल्या देखण्या विहिरीपेक्षा हा राखाडी चौकोन मला जास्त खरा वाटला, आणि तिथेच निकाल लागला.

पाण्याचं काय, असं विचाराल. सब इंजिनाला एचब्लँकवर (दोन ओळींमधल्या फटीत) डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला न अडवता, दर ओळीला वेगळा स्क्रोल देता येतो. साइनचा तक्ता लावला की लाटा तयार, प्रोसेसरला जवळजवळ फुकट. पोहरा आपटला की तक्त्याची उंची वाढवायची आणि हळूहळू उतरवायची. दोन्हीकडच्या थ्रीडीचा कोड फेकत नाही. सुरुवातीला पोहरा पहिल्यांदा विहिरीत सुटतो तेव्हा स्टायलसला काम नसतं. तेवढ्यापुरती ती पद्धत चालू करून मग बंद करता येते का ते बघतो. त्या क्षणी बँका पुन्हा वाटाव्या लागतील, म्हणजे टेक्स्चर तात्पुरते ए आणि बीमध्ये कोंबावे लागणार.

हार्डवेअरबद्दल थोडंसं. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवलेलं बदली टच पॅनल कडांना पाच-सहा पिक्सेल सरकतं, कॅलिब्रेशन कितीही करा. दोर ओढण्याच्या खेळात कड म्हणजे सगळं काही, त्यामुळे ते परत काढून मूळचं, जरा ओरखडलेलं पॅनलच लावलं. बंद पडलेल्या मशीनमधून काढलेलं मूळ पॅनल मिळालं तर नव्या नकलेपेक्षा तेच घ्या. फ्लक्स आणि आयसोप्रोपिल पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळालं; तीन पात्यांचा स्क्रूड्रायव्हर मात्र चांगल्या पोलादाचाच घ्या, स्वस्तातल्याने डीएस लाइटचे स्क्रू झिजतात आणि मग उघडणं अवघड होतं. ब्लॉक्सडीएसवर, म्हणजे डीएसचे खेळ लिहिण्याच्या साधनसंचावर, मी आता कायमचा आलोय. उदाहरणं नेटकी आहेत आणि बँकांची मांडणी समजावणारा भाग वाचनीय आहे.

पुढचा क्रम: आधी दगडांच्या टाइल, मग लाटा, मग झाकण. विहीर मिटली की आत काहीतरी घडावं असं 'फँटम अवरग्लास' आठवल्यापासून डोक्यात आहे. मशीन झोपवण्याऐवजी मिटलेल्या अवस्थेत फक्त आवाज चालू ठेवायचा, पाण्याचा थेंब किती खोल पडला ते कानाने ओळखायचं आणि त्या अंदाजाने दोर सोडायचा. मायक्रोफोनवर फुंकून शेवाळ बाजूला सारणं हे त्यानंतर.

राखाडी आवृत्ती आणि दोन्हीकडच्या थ्रीडीची आवृत्ती अशा दोन्ही एनडीएस फाइल ठेवतोय. खऱ्या मशीनवर दोन्ही पाठोपाठ चालवा, आणि दोर ओढताना फरक जाणवतो का ते कळवा. जुन्या जाड डीएसवाल्यांचं मत मला विशेष हवंय, कारण त्याची स्क्रीन मंद आहे आणि राखाडी दगड तिच्यावर एकमेकांत मिसळतील अशी शंका आहे. तसं असेल तर रंग आत्ताच बदलतो, सगळ्या ७६८ टाइल काढून झाल्यावर नाही.