नेलपॉलिश दोन दिवसांत का उडते?

दोष बहुतेक वेळा बाटलीचा नसतो, नखावर राहिलेल्या तेलाचा असतो. क्रीम लावलेल्या हातावर रंग धरतच नाही. म्हणून नखांवर आधीचा रंग नसला तरी प्रत्येक नख रिमूव्हरने पुसून घ्या. नखं कोमट पाण्यात भिजवायची पद्धत मात्र सोडाच. नख पाणी शोषून किंचित पसरतं, वाळल्यावर आक्रसतं आणि वरचा थर तडकतो.

आधी बेस कोट (रंगाखाली द्यायचा पारदर्शक थर), मग रंगाचे दोन पातळ हात, मध्ये दोन-तीन मिनिटं. पहिल्या हाताला पट्टे दिसणारच, दिसू द्या. ते झाकायला जाड थर दिला की तो वरून सुकतो, आतून ओला राहतो आणि बुडबुडे येतात. मुळाशी कातडीपासून केसभर अंतर सोडा. टोकाच्या कडेवरूनही ब्रश फिरवा (हे हमखास राहून जातं), कारण रंग झिजायला तिथूनच लागतो. मग टॉप कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, तोही कडेपर्यंत.

बोटाला कोरडा लागला तरी रंग पूर्ण कडक व्हायला कित्येक तास जातात. झोपण्याआधी लावलेल्या नखांवर चादरीचे ठसे उमटतात ते त्यामुळेच.