३.२ वरचं ते छोटंसं टोक
आज मावशीला घेऊन तिच्या स्तनातल्या गाठीच्या एमआरआयला गेले होते, या वेळी नुसता फोटो नाही तर स्पेक्ट्रोस्कोपी, म्हणजे गाठीत कोणती रसायनं आहेत ते बघणारी तपासणी, पण करायची होती. पालथं झोपून, छाती कॉइलच्या, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या साच्याच्या, दोन खळग्यांत सोडून, अजिबात हलायचं नाही, आणि वर तो ठकठक आवाज. बाहेर आली तेव्हा गालावर उशीचा वळ उठलेला, पण तक्रार नाही हो एक पण.

नंतर डॉक्टरांनी स्क्रीनवर ग्राफ दाखवला, ३.२ पीपीएमच्या (ग्राफच्या आडव्या रेषेवरचं माप) जागी एक टोक वर आलेलं, ते म्हणे कोलीन नावाच्या रसायनाचं. पेशी भराभर वाढतात तेव्हा नवीन आवरणं बनवायला त्यांना कोलीनवाले पदार्थ जास्त लागतात, म्हणून गाठ किती आक्रमक असेल याचा अंदाज यातून येऊ शकतो, आणि तोही सुई न टोचता, रेडिएशन न देता! मला तर हे फार मोठं वाटलं. अर्थात बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं) टळत नाहीच, अंगावर पाजणाऱ्या बाईच्या निरोगी स्तनातही हे टोक दिसू शकतं, आणि गाठ लहान असेल तर सिग्नलच नीट मिळत नाही.

मावशीने एकच विचारलं, "केमोनंतर हे खाली येईल ना?" डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं की बऱ्याचदा येतं. घरी येईपर्यंत तिने माझा हात सोडला नाही.