बाहेर आल्यावर भिजणारी टोपी

तळोज्याच्या एका मासळी निर्यात कारखान्याला शीतगृहातल्या कामगारांसाठी आम्ही ६० माकडटोप्या शिवून दिल्या होत्या. जुलैत त्यातल्या ११ परत आल्या. निरोप असा होता: हनुवटीवर पुरळ येतं, तोंडावरचं कापड ओलं होऊन कडक होतं, आणि दोघांच्या गालावर पांढरा डाग उठला. पुरळ आणि ओल या तक्रारी या धंद्यात नेहमीच्या. पांढरा डाग तसा नाही. गाल पांढरा पडून सुन्न होतो ती हिमदंशाची पहिली खूण. तेव्हाच गाल न चोळता त्यावर नुसता उबदार तळहात ठेवला तर कातडी पूर्ववत होते; तसंच काम रेटलं तर इजा आत जाते. म्हणून टोप्या उसवून बघण्याआधी माणसं त्या घालून कशी काम करतात ते बघायला एक पूर्ण पाळी शीतगृहात काढली. बरोबर फक्त मोजपट्टी, पक्का मार्कर आणि ग्रॅमचा काटा.

गोठवलेली कोळंबी उणे १८ अंशांच्या वर येऊ द्यायची नसते, म्हणून साठवणीची खोली उणे २० ला ठेवतात. माणसं ४० मिनिटं आत आणि १५ मिनिटं बाहेर, अशा फेऱ्या करतात. बाहेर तळोज्याचा पावसाळा, ३० अंश आणि चिकट हवा. लडाखच्या हिवाळ्यात दिवसभर थंडी ती थंडीच असते, कापडाला एकाच प्रकारचं काम असतं. इथे तेच कापड एका पाळीत आठ-दहा वेळा ५० अंश वरखाली होतं. हा फरक आमच्या पहिल्या आराखड्यात धरलाच नव्हता. नमुना जानेवारीत तपासला होता, तोही एकाच फेरीत, आत स्वस्थ उभं राहून.

जुनी टोपी साधी होती. २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम) फ्लीस, म्हणजे पॉलिएस्टरचं लवदार कापड, तोंडावर त्याचाच दुहेरी थर, ओव्हरलॉकची, म्हणजे कडेवर दोरा गुंडाळणारी शिवण. फ्लीस घेण्यामागे हिशेब होता. पॉलिएस्टरचा तंतू स्वतःच्या वजनाच्या ०.४ टक्के एवढाच ओलावा धरतो, सुती साडेआठ टक्के, लोकर सोळा टक्क्यांच्या आसपास. लोकरीचं किंवा ॲक्रिलिकचं विणकाम तंतू सोडतं, आणि उघड्या मालाजवळ ते चालत नाही. हा सगळा हिशेब बरोबर होता, पण तो तंतूचा होता. पाणी तंतूंच्या मधल्या लवेत साठतं, तिथे ही टक्केवारी उपयोगाची नाही.

श्वासाचं गणित करून बघा. पेट्या उचलणारा माणूस मिनिटाला साधारण २० लिटर हवा बाहेर टाकतो, म्हणजे तासाला १.२ घनमीटर. थंडीत नाक थोडी वाफ परत धरून ठेवतं. तरी बाहेर पडणारी हवा २८ अंशांची आणि वाफेने पूर्ण भरलेली धरली तर घनमीटरमागे २७ ग्रॅम पाणी, तासाला तीसेक ग्रॅम. दोन मोठे चमचे. ते तोंडावरच्या कापडातून गेलंच पाहिजे. गेलं नाही, तर तिथेच गोठतं.

तिसऱ्या फेरीनंतर एक भाऊ बाहेर येऊन बाकावर बसले. टोपी काढून पिळायचा हावभाव करत म्हणाले, "ताई, आत असेपर्यंत ही कोरडीच वाटते. बाहेर आल्यावर भिजते. मग परत आत जाताना ओली घालावी लागते, तेव्हा खरी चावते."

बाहेरची दमट हवा थंड कापडाला लागून दव धरते, असंच कोणालाही आधी वाटेल. पावसाळ्यात इथला दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान, २५ अंशांच्या आसपास असतो, आणि जाकिटावर थेंब साचलेले दिसतही होते. पण काट्याने वेगळं सांगितलं. कोरडी टोपी ९४ ग्रॅम. ४० मिनिटांनी दारातून बाहेर येताच १०३. पंधरा मिनिटं बाहेर राहिल्यावर १०४. म्हणजे दवाचा वाटा एक ग्रॅम. बाकीचे नऊ ग्रॅम आतच जमलेले होते, हिम होऊन. विचार केला तर पटतं: जेमतेम ९० ग्रॅम कापडात इतकी थंडी साठत नाही की ते हवेतून खूप पाणी ओढेल. जाकीट जड असतं, म्हणून त्यावर थेंब दिसतात.

हिम आहे तोवर ते फ्लीसच्या बाहेरच्या लवेत अडकून असतं, कातडीला लागत नाही, म्हणून टोपी कोरडी वाटते. बाहेर आलं की वितळतं, लवेतून झिरपत आतल्या थरात उतरतं, आणि पुढच्या फेरीला ते पाणी थेट हनुवटीवर असतं. ओलं कापड, वर घासणं: पुरळ त्याचंच.

एक उपाय तिथल्या तिथे सापडला. बाहेर पडण्याआधी अँटीरूममध्ये, म्हणजे दारालगतच्या मधल्या खोलीत, जिथे हवा शून्याच्या आसपास असते, टोपीचा तोंडाजवळचा भाग ओढून दोन-तीनदा जोरात झटकायचा. पुढच्या फेरीत हे करून वजन घेतलं तर ९ पैकी जेमतेम ३ ग्रॅम गेले. लव हिम सोडत नाही. मग कापडच बदलायला हवं.

दुसरी गोष्ट मफलरने शिकवली. कारखान्यात मफलरला बंदी आहे आणि ती योग्य आहे: दीड मीटरच्या मफलरचं लोंबतं टोक माल वाहणाऱ्या पट्ट्याच्या रोलरमध्ये गेलं तर मानेला फास बसतो. तरीही काही जण आमची टोपी बाजूला ठेवून घरचा मफलर जाकिटात खोचून वापरत होते. कारण विचारल्यावर एकाने करून दाखवलं: तोंडावरचा भाग ओला झाला की मफलर वीतभर पुढे सरकवायचा, कोरडा भाग तोंडावर येतो. शिवलेली टोपी सरकवता येत नाही. बाजारातले किती तरी महागडे मुखवटे याच एका बाबतीत मफलरपुढे हरतात.

आता पांढरे डाग. दोघेही रीच ट्रक, म्हणजे उंच रॅकवर माल चढवणारी गाडी, चालवणारे, आणि डाग दोघांच्या एकाच बाजूच्या गालावर. रीच ट्रकवर चालक आडवा बसतो, त्यामुळे गाडी धावते त्या दिशेला त्याचा एकच गाल असतो. उणे २० मध्ये ताशी १० किलोमीटरचा वारा लागला तर उघड्या कातडीला तो उणे २७ सारखा जाणवतो, १५ चा लागला तर उणे २९. हिमदंशाची भीती साधारण तिथूनच सुरू होते. गाल उघडा नव्हता, पण टोपी गालफडाच्या हाडावर ताणून बसत होती. ताणलेलं फ्लीस दबतं, त्यातली हवा निघून जाते, आणि विणीची भोकं रुंद होतात. त्यात ओव्हरलॉकची जाड शिवण नेमकी हाडावरून गेलेली. तिने बाजूचं कापड कातडीपासून उचललं होतं आणि वाऱ्याला वाट केली होती.

चौथा दोष बोलण्याचा. शीतगृहात पंखे घोंघावतात, सगळे ओरडून बोलतात. नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीपर्यंत मोजपट्टी धरली: तोंड मिटलेलं आणि हाक मारताना यात दोन ते तीन सेंटिमीटरचा फरक. दर हाकेला कापड नाकावरून तेवढं घसरतं, आणि माणूस ओल्या हातमोज्याने ते वर ओढतो.

परत आल्यावर टोपीचे दोन तुकडे केले: डोक्याची टोपी वेगळी, तोंडाचा नळीसारखा गळपट्टा वेगळा. गळपट्टा टोपीवरून घालायचा, म्हणजे फिरवता येतो आणि ओली बाजू मागे गेली तरी मानेला न लागता टोपीच्या फ्लीसवर राहते.

टोपी १६० जीएसएम मायक्रोफ्लीसची, तीन भागांत. दोन बाजू आणि कपाळापासून मानेपर्यंत ११ सेंटिमीटर रुंद मधली पट्टी. पट्टीमुळे शिवणी कानाच्या तीन सेंटिमीटर वर राहतात, हेल्मेटखाली टोचत नाहीत. गालफडापासून कानाच्या पाळीच्या पुढपर्यंत ९ बाय ७ चा वाराबंद फिल्मचा तुकडा दोन थरांमध्ये. कानावर फिल्म मुद्दाम नाही, कापड एकेरी आहे: फिल्म कानाशी करकरते आणि ट्रकचा हॉर्न ऐकू येणं जिवाशी गाठ आहे. जोड सगळे फ्लॅटलॉकचे, म्हणजे सपाट बसणाऱ्या शिवणीचे, गोल टोकाची ७५ नंबरची सुई, शिवणीला ६ मिलिमीटर. लूपरचा (मशीनच्या खालच्या आकड्याचा) दोरा फार घट्ट ठेवला तर फ्लॅटलॉकसुद्धा वरवंट्यासारखा उठतो; शिवण ताणून सपाट पडते का ते प्रत्येक नव्या ताग्याला आधी चिंधीवर बघायचं.

गळपट्टा इंटरलॉकचा, म्हणजे स्पँडेक्सचा ताणणारा तंतू असलेल्या, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत विणीच्या पॉलिएस्टरचा. सपाट रुंदी २६, उंची ३०. यात पुढे आणि मागे अशा दोन खिडक्या, प्रत्येकी ११ बाय ८, वरच्या कडेपासून पाच सेंटिमीटर खाली. खिडकीला ३ मिलिमीटर जाडीचं एअर मेश, बूट आणि दप्तरांना लावतात ते. त्याला लव नाही, हिम जाळीच्या बाहेरच्या तोंडावर धरतं आणि झटकल्यावर बरंच गळून पडतं. मेश ताणत नाही, त्यामुळे खिडकी ११ पेक्षा रुंद केली तर गळपट्टा डोक्यावरून उतरत नाही. पहिला नमुना १४ चा केला आणि तो कपाळावरच अडकला. मेशची कापलेली कड खरखरीत असते, ती इंटरलॉकच्या बारीक पट्टीत पूर्ण मिटवावी लागते. ही पायरी घाईत सुटली तर पुरळ पुन्हा येणार.

नाकावर तार नाही. तार कापडातून निसटून मालात पडू शकते, आणि धातू कातडीला गार चिकटतो. टिचबटणंही त्याच कारणाने नकोत. वेल्क्रोच्या आकड्यांत हिम आणि लव भरते आणि दोन दिवसांत तो धरेनासा होतो. त्याऐवजी नाकाच्या दोन्ही बाजूंना एक-एक सेंटिमीटरचा टक, म्हणजे दुमडून शिवलेली चिमटी, वरची पाच सेंटिमीटर दुहेरी, आणि कानांच्या जागी नेफ्यात ६ मिलिमीटर इलास्टिक, १२ सेंटिमीटरच्या जागेत साडेनऊ. वर कापड दाट आणि खाली जाळी मोकळी, त्यामुळे श्वास सोप्या वाटेने पुढे जातो, चष्म्याकडे कमी चढतो. खिडकीच्या खाली अडीच सेंटिमीटरची आडवी चुणी आहे, फक्त बाजूंना टाचलेली. हाक मारली की ती उघडते आणि वरची कड जागेवर राहते.

माणशी गळपट्टे तीन: एक तोंडावर, एक वाळत, एक धुण्यात. टोप्या दोन. धुताना सॉफ्टनर घालायचा नाही, तो तंतूंवर थर धरतो आणि कापड ओल पसरवेनासं होतं. गरम ड्रायरमध्ये स्पँडेक्स जातो. माप कळायला आतल्या कडेला रंगीत दोऱ्याचे टाके आहेत, लहान निळा, मध्यम पांढरा, मोठा लाल. हातमोज्यांत चिठ्ठी वाचत कोण बसणार.

ऑगस्टमध्ये त्याच पाळीला पुन्हा वजनं घेतली. ४० मिनिटांनी गळपट्ट्यात ७ ग्रॅम हिम, अँटीरूममध्ये झटकल्यावर २ उरलं. मग अर्धा फिरवून कोरडी खिडकी पुढे. चालकांच्या गालांवर महिनाभरात डाग उठला नव्हता. नाक गळण्याचं मात्र बाकी आहे. थंडीत नाक गळतंच, ते पाणी वरच्या दुहेरी पट्टीत उतरतं आणि तिथे जाळी देता येत नाही, कारण मग श्वास चष्म्यावर जातो. सध्या टकांच्या मध्ये आतून पातळ टेरीचा बदलता तुकडा टाके घालून लावतो आणि रोज काढून धुतो. पाळीच्या शेवटी तो ओलाच असतो.