रिकाम्या स्लॅपडीला साडेसातशे एमबी रॅम कशाला लागते?

गेला आठवडा आमच्या एलडॅप सर्व्हरनं (यूजर आणि पासवर्डांची मध्यवर्ती यादी ठेवणारा सर्व्हर) पार जीव काढला, म्हणून हे लिहून ठेवतोय, कुणाच्या तरी कामी येईल. सेटअप साधाच, २ जीबी रॅमचं व्हीएम (आभासी मशीन), त्यावर डॉकर (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन), आणि त्यात ओपनएलडॅप, ज्याचा सर्व्हर प्रोग्रॅम म्हणजे स्लॅपडी, आत तीनेक हजार यूजर. लॉगिन, मेल, वायफाय सगळ्याचे पासवर्ड इथूनच तपासले जातात, त्यामुळे हा बसला की अख्खं ऑफिस बसतं. आणि तो रोज बसत होता. रात्री बॅकअप सुरू झाला की मेमरी संपायची, मग कर्नल सगळ्यात जास्त रॅम धरून बसलेली प्रोसेस मारायचा, आणि ती दरवेळी स्लॅपडीच असायची. सकाळी साडेआठला फोन चालू, "लॉगिन होत नाहीये".

पहिला संशय डेटाबेसवर. एमडीबी बॅकएंड (स्लॅपडीचा डेटा साठवणारा भाग) त्याची फाइल मेमरीत मॅप करतो, त्यामुळे मॅक्ससाइज (फाइलची कमाल मर्यादा) १ जीबी ठेवली असेल तर टॉप कमांडमध्ये व्हर्टचा, म्हणजे आभासी मेमरीचा, आकडा फुगलेला दिसतो, पण ती नुसती राखून ठेवलेली जागा असते, त्याला घाबरायचं कारण नाही. रेसचा, म्हणजे खरोखर वापरलेल्या रॅमचा, कॉलम बघायचा. तो बघितला तर तिथंही साडेसातशे एमबी! मग दोन दिवस इंडेक्स तपासले, लॉग लेव्हल स्टॅट्सवर टाकून मोठमोठे सर्च कोण मारतंय ते बघितलं, थ्रेड १६ वरून ८ वर आणले, ढिम्म फरक नाही.

शेवटी आमच्या टीममधल्या सीनियर ताई म्हणाल्या, "अरे, आतला सगळा डेटा बाजूला ठेव आणि रिकामाच कंटेनर चढवून बघ ना." चढवला. एकही एंट्री नाही, एकही क्लायंट नाही, तरी चालू होताक्षणी तेवढेच साडेसातशे! तिथंच कळलं की डेटाचा, सर्चचा, कॅशचा काही संबंधच नाही. पीमॅप (प्रोसेसची मेमरी कुठं गेली ते दाखवणारी कमांड) लावून बघितलं तर डेटा डॉट एमडीबीची ओळ अगदी किरकोळ, काही केबी, आणि बाकी जवळजवळ सगळं एकाच अनामिक, म्हणजे कुठल्याही फाइलशी न जोडलेल्या, तुकड्यात.

मग कंटेनरच्या आत जाऊन प्रॉक (चालू प्रोसेसची माहिती देणारं फोल्डर) मधली लिमिट्सची फाइल उघडली. मॅक्स ओपन फाइल्स, १०४८५७६. हेच ते.

होतं असं की स्लॅपडी सुरू होताना सिस्टिमला विचारतो की मला जास्तीत जास्त किती फाइल डिस्क्रिप्टर (उघडलेल्या प्रत्येक फाइलला किंवा कनेक्शनला मिळणारा क्रमांक) उघडता येतील, आणि जो आकडा मिळेल तेवढ्या कनेक्शनचा तक्ता आधीच मेमरीत मांडून मोकळा होतो. एका जागेला साताठशे बाइट, गुणिले साडेदहा लाख, झाले साडेसातशे एमबी. साठ पाहुणे जेवायला येणार आणि पंगतीत साडेदहा लाख पानं वाढून ठेवलेली, असा प्रकार. साध्या मशीनवर ही मर्यादा बहुतेक वेळा १०२४ असते म्हणून तिथं कधी जाणवत नाही, पण डॉकर सर्व्हिसची स्वतःची मर्यादा बऱ्याच मशीनवर, खासकरून जुन्या आवृत्त्यांत, खूप वर असते आणि कंटेनर तीच उचलतो. नव्या सिस्टिमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्रॅम) काही मशीनवर तर हा आकडा १०७३७४१८१६ पर्यंत जातो, तिथं स्लॅपडी नीट उठतच नाही.

उपाय दोन ओळींचा. कंपोझ फाइलमध्ये (कंटेनरची सेटिंग्ज जिथं लिहितात ती फाइल) यूलिमिट्सखाली नोफाइलचं, म्हणजे उघड्या फाइलींच्या मर्यादेचं, सॉफ्ट आणि हार्ड दोन्ही १०२४ केलं, कंटेनर नव्यानं बनवला, आणि सगळा डेटा परत भरूनसुद्धा रेस ४० एमबीच्या आत! खरं सांगतो, तो आकडा बघून इतकं बरं वाटलं.

एक सांगतो, १०२४ डोळे झाकून टाकू नका. प्रत्येक क्लायंट एक डिस्क्रिप्टर खातो, आणि काही ॲप्स कनेक्शन उघडून तशीच धरून बसतात, त्यामुळे मर्यादा कमी पडली तर नवीन लोकांना दारच उघडत नाही, आणि तो त्रास रॅमपेक्षा वाईट. आपल्या स्लॅपडीच्या पीआयडीखाली प्रॉकमधल्या एफडी फोल्डरात किती फाइली आहेत ते गर्दीच्या वेळी मोजा. आमच्याकडे सकाळी दहाला शंभरच्या आतच असतात, म्हणून १०२४ पुरेसे. तुमच्याकडे हजारभर क्लायंट असतील तर ४०९६ ठेवा, मेमरी तरी फार वाढणार नाही.

दुसऱ्या होस्टवर याच सर्व्हरची रेप्लिका (जुळी प्रत) आहे, ती अजून साडेसातशेवरच आहे, शनिवारी ऑफिस बंद असताना तिचा कंटेनर बदलतोय.