३१ चा नाद

उद्यमनगरात लेथवर लांब कट लागला की हात थोडा वेळ मोकळे असतात. बाकीचे मोबाईल काढतात, मी खडूनं आकडे मांडतो. सध्या नाद ३१ चा.

आपला रोजचा पाया दहाचा, म्हणजे उजवीकडनं घरं एक, दहा, शंभर अशी दहापटीनं वाढतात. दोनच्या पायात ती दुपटीनं वाढतात, पाचच्या पायात पाचपटीनं. ३१ दोनच्या पायात लिहा, १११११ येतात (१६+८+४+२+१). पाचच्या पायात १११, म्हणजे २५+५+१. दोन्हीकडं नुसते एक! असाच ८१९१. दोनच्या पायात तेरा एक, नव्वदच्या पायात तीन: ८१००+९०+१. किमान तीन एक, तेही दोन वेगळ्या पायांत, असे आजवर एवढे दोनच आकडे सापडलेत. (दोन एकांचं कौतुक नको, १०० सुद्धा ९९ च्या पायात ११ च दिसतो.) तिसरा नाहीच, हा अंदाज बेल्जियमच्या रने गोरमाख्तिग यांच्या नावानं ओळखला जातो. सिद्ध अजून कुणी केलेला नाही.

माझा लाडका मात्र ५८५. उलटा वाचा, तोच. दोनच्या पायात १००१००१००१, तोही उलटा तोच. आणि आठच्या पायात चक्क ११११, कारण ५१२+६४+८+१. लई भारी!

शेजारच्या मशीनवरचा गडी म्हणाला, "भावा, ह्यानं पगार वाढतोय व्हय?" त्याला २३ दिला, सातच्या पायात तो ३२ होतो. डबा खाता खाता त्यानं ४६ काढला, सातात ६४. आता दोन अंकी तिसरा शोधतोय. तो नाहीच, हे मी अजून सांगितलेलं नाही.