टर्फवरची संध्याकाळ

आज भाचीला घेऊन विजापूर रोडच्या टर्फवर गेले. साडेसहा वाजले तरी आपल्या सोलापूरचं ऊन काही हटेना. पाच-पाच पोरींचा फुटसाल. चेंडू फुटबॉलपेक्षा लहान, उसळी कमी, आणि बाहेर गेला की चार सेकंदांत पायानेच आत! मीही दोन मिनिटं गोलकीपर झाले. दोन गोल खाल्ले. (चष्म्याचा दोष.)

रात्री जेवताना तिने विचारलं, "मावशी, यात आशियात भारी कोण गं?"

म्हटलं, इराण. 2015 ला मलेशियात महिलांचा पहिला आशियाई कप झाला, तेव्हा फायनलला जपानला 1-0 हरवलं. 2018 ला बँकॉकमध्ये परत तेच, 5-2. 2025 ला चीनमध्ये मात्र जपानने कप नेला.

पण तिला लागली ती निलुफर अर्दलानची गोष्ट. इराणची कॅप्टन. 2015 ला नवऱ्याने पासपोर्टला संमती दिली नाही, म्हणून मलेशियाला जाताच आलं नाही. टीम तिच्याशिवाय जिंकून आली.

भाची शेंगा चटणी-भाकरीचा घास हातात धरून गप्प. मग आईकडे वळून, "आज्जी, माझ्या पासपोर्टवर कोण सही करणार?"

आई म्हणाली, "तू आधी ते मोजे धुवायला टाक."